तिच्यासोबत पाण्यात कोण

नणंद-भावजयीचं कधी पटत नाही, असं लहानपणापासून ऐकत आले होते, आणि त्या एका गोष्टीच्या भरवशावर मी निर्धास्त होते. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा सासू बरी आहे, सासरा देवमाणूस आहे, मुलगा गरीब स्वभावाचा आहे, हे सगळं ऐकून झाल्यावर मी आईला विचारलं होतं, "आणि नणंद?" आई म्हणाली, "एकच आहे, पण जरा आगाऊ वाटते." मला हायसं वाटलं. नणंद आगाऊ असली की बहीण बहिणीचीच राहते.

पहिली काही वर्षं सगळं रीतीप्रमाणे चाललं. धाकटी फोन करून नणंदेची गाऱ्हाणी सांगायची, मी त्यात तेल ओतायचे, मग आम्ही दोघी मिळून तिच्या नकला करायचो. तिला "वन्सं" हे जुनाट नाव मीच ठेवलं, टिंगलीसाठी. पण हळूहळू गाऱ्हाणी आटली. मग "अगं, वन्सं तशी मनाने चांगली आहे" सुरू झालं. आणि आता तर उठता-बसता वन्सं म्हणाली, वन्सं घेऊन आली, वन्संला विचारते. त्या बाईला आपलं हे टिंगलीचं नाव कळलं तेव्हा ती चिडेल असं मला वाटलं होतं. ती खो खो हसली, आणि फोनमध्ये स्वतःचं नाव तेच ठेवून बसली. अशा माणसाशी वैर तरी कसं करायचं?

माझं सांगायचं तर मी एका हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे. कापसाच्या बोळ्यापासून खाटांपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून जातं. तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय मी कशाला हात लावत नाही. घरचे म्हणतात, हिने नवराही तीन बघून केला. चार बघितले होते, पण ते असो.

तर धाकटीची चाळिशी आली. एके दिवशी ती म्हणाली, "ताई, आपण दोघीच कुठेतरी जाऊ. नवरे घरी. मला एकदा समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचेत." आपण दोघीच! मी रजा टाकली, बेट शोधलं, समुद्राकडे खिडकी असलेली खोली ठरवली, दोघींसाठी एकसारख्या दोन टोप्या घेतल्या. इतकं सगळं झाल्यावर तिचा फोन आला. "ताई, वन्सं पण येते म्हणतेय. चालेल ना?"

"चालेल ना" असं विचारल्यावर जगात कोणी नाही म्हटलंय का? "न चालायला काय झालं," मी म्हटलं, आणि फोन ठेवून टोप्यांकडे बघत बसले. मी मेहनत करायची आणि तिने यायचं. आयत्या बिळावर नागोबा.

मग स्कूबावाला ठरवायची वेळ आली, आणि ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी वाचायला बसले. पहिल्यांदा पाण्याखाली जाणाऱ्यांना शिकवणारा माणूस स्वतः खाली घेऊन जातो, आणि बरेच जण एका वेळी दोघांना नेतात, एक या हाताला, एक त्या हाताला. त्यापुढचं मला काही दिसेना. आम्ही तिघी. म्हणजे दोघी एकत्र आणि एक सुटी. धाकटीच्या सोबतची ती जागा मला हवी होती. खाली फोन लागत नाही, बोलता येत नाही, वन्संला मध्ये तोंड घालता येत नाही. लहानपणी एका पांघरुणात झोपायचो तशा आम्ही दोघी. एवढंच मला त्या अख्ख्या सुट्टीतून हवं होतं. मासे गेले खड्ड्यात.

आम्हा तिघींचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात वन्संने एक नाव टाकलं. "ताई, ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. नवरा-बायको मिळून चालवतात, छोटंसं आहे. पण तुम्ही बघा, तुम्हाला यातलं जास्त कळतं." त्यावर धाकटीने लाल बदाम टाकला. त्या बदामाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी ठरवलं, काहीही होवो, हे सोडून दुसरं घ्यायचं.

नियमाप्रमाणे आधी त्यांनाच फोन केला. आमच्या खात्यात याला खोड काढणं म्हणत नाहीत, पडताळणी म्हणतात. पलीकडे बाई होती. मागे लोखंडी नळकांड्या हलवल्याचा खणखणाट चालू होता. मी भाव विचारला, तर उत्तराच्या आधी तिनेच मला फैलावर घेतलं. किती जणी? वयं काय? दमा आहे का कोणाला? छातीचं काही? रोजच्या गोळ्या? कान?

आयुष्यभर समोरच्याला प्रश्न विचारायची सवय. कोणी मला विचारलं की मी गडबडते आणि खरं बोलते. "कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं.

"कोणाच्या?"

"माझ्या."

"मग तुम्ही बोटीवर बसायचं," ती म्हणाली. इतक्या सहज, की जसं काही चप्पल बाहेर काढायला सांगतेय. "तुमच्या डॉक्टरांना विचारा. ते नाही म्हणाले तर विषय संपला, हो म्हणाले तरी मी परत विचार करीन. बाकी दोघींना अडचण नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाकी दोघी!

आमच्या हॉस्पिटलातले कानवाले डॉक्टर माझ्या ओळखीचे. त्यांची सगळी हत्यारं मीच खरेदी करते. त्यांना जिन्यात गाठलं. ते हसले. "पडदा मी शिवलाय खरा, पण त्याची ग्यारंटी जमिनीवरची आहे. पाण्याखाली गेलात तर मला तोंड दाखवू नका."

त्यांना मनातल्या मनात चार शिव्या घातल्या आणि मी पुढचे फोन सुरू केले. एकाने उचललाच नाही. दुसरा मात्र देवाने माझ्यासाठीच पाठवला होता. मी त्याला मनात होवाला म्हणायला लागले, कारण "नाही" हा शब्द त्याला शिकवलेलाच नव्हता.

"बाकीच्या दोघींना पोहता फारसं येत नाही," मी म्हटलं.

"चालतं, मॅडम."

"एकीच्या कानाचं ऑपरेशन झालंय."

"कान चालतो."

"आणि कोणी घाबरलं तर?" हे मी सवयीने विचारलं. मनात कोणी नव्हतं.

"घाबरतात की! आम्ही वर येऊच देत नाही," तो हसत म्हणाला. "घट्ट धरून खालीच ठेवतो. दोन मिनिटं हातपाय मारतात, मग होते सवय. वर आल्यावर तेच थँक्यू म्हणतात."

प्रत्येक गोष्टीला हो म्हणणारे पुरवठादार मी आयुष्यात पुष्कळ बघितले. त्यांचा माल मी खोकं फोडून, उजेडात धरून बघते, आणि बहुतेक वेळा परत पाठवते. हे सगळं मला त्या क्षणीही माहीत होतं. तरी मी विचारलं, "मी आणि माझी बहीण एकत्र जाऊ ना? तिसऱ्या बाई वेगळ्या."

"डन, मॅडम. त्यांना दुसऱ्या बोटीत टाकू का?"

तो माणूस मला फार आवडला.

आता खरेदीतली एक गोम सांगते. माल कोणाकडून घ्यायचा हे आधीच ठरलेलं असेल, तर अटी अशा लिहायच्या की तोच एकटा त्यात बसेल. हे करणाऱ्या किती जणांना मी स्वतः पकडलंय आणि साहेबांसमोर उभं केलंय. पण पकडणाऱ्याला युक्ती माहीतच असते. मी सुबक तक्ता केला. स्वतःची मोठी बोट हवी. धक्का हॉटेलपासून चालत जाण्याइतका जवळ हवा. फोटो फुकट हवेत. गेल्या गेल्या त्याच सकाळी समुद्रात न्यायला हवं. वन्संची ती प्रश्नवाली बाई आधी अर्धा दिवस पोहण्याच्या तलावात बसवून सराव घ्यायची. तिच्या नावापुढे मी लिहिलं, "वेळेचा अपव्यय." होवाला प्रत्येक रकान्यात पहिला आला. न येऊन करतो काय?

तक्ता ग्रुपवर टाकला. वन्संचं उत्तर लगेच आलं. "ताई, केवढी मेहनत घेतलीत! तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्नच मिटला." एका अक्षराने कुरकुर नाही. भांडली असती तर मला जिंकल्यासारखं तरी वाटलं असतं. धाकटीने मात्र वेळ घेतला. ती काहीतरी लिहीत होती, खोडत होती, परत लिहीत होती. शेवटी आलं, "चालेल ताई." बदाम नाही. मी म्हटलं, झालं, वन्संने कान भरले.

रविवारी सकाळी मी टोपी द्यायचं निमित्त करून धाकटीच्या घरी गेले. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. हातात इस्त्री, खांद्यावर मुलाचा शाळेचा शर्ट. "या ना ताई. पण ती नाहीये. त्या दोघी पोहायला गेल्यात." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "हल्ली दर रविवारी जातात. तुम्हाला माहीत नाही?"

मला माहीत नाही! हिला पहिला दात आला तेव्हापासून हिचं मला माहीत नाही असं काही नव्हतं. आता इस्त्री करणाऱ्या मेहुण्याने मला सांगायचं. मी चहा नको म्हटलं आणि तडक तलावाकडे निघाले. दोन चौक पलीकडे होता. वाटेत मी भांडणाची सगळी वाक्यं जुळवली. पहिलं वाक्य होतं, "मीही पोहते म्हटलं, विसरलीस का?"

तलावावर मुलांना घेऊन आलेल्या आईबापांसाठी काचेमागे खुर्च्या मांडल्या होत्या. हवेत क्लोरीनचा वास, आत शिट्ट्या. मला त्या दोघी उथळ बाजूला दिसल्या, लहान मुलांच्यात. वन्सं कमरेएवढ्या पाण्यात पायरीवर बसली होती. घट्ट टोपीने तिचा चेहरा बटाट्यासारखा दिसत होता आणि त्याची तिला काही पडलेली नव्हती. धाकटी समोर उभी होती. तिने डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क चढवला, तोंडात नळी धरली आणि चेहरा पाण्यात घातला.

लगेच वर आली. मास्क ओढून काढला, धापा टाकल्या. पुन्हा चढवला, पुन्हा घातला, पुन्हा वर. तिसऱ्या वेळी तिने मास्क पाण्यावर आपटला.

मी असते तर एव्हाना तीन सूचना दिल्या असत्या. नाकाने श्वास घेऊ नकोस, खांदे सैल सोड, त्यात घाबरण्यासारखं काय आहे. वन्सं काहीच बोलत नव्हती. तिकडे कोणाचं तरी पोर पाय आपटत होतं, ते बघत बसली होती. आणि मग धाकटी रडायला लागली. तोंड उघडं टाकून, सगळ्यांसमोर. आई गेली तेव्हाही ती माझ्यासमोर अशी रडली नव्हती. मी लोकांना सांगायचे, आमची धाकटी खंबीर आहे हो.

खरं सांगते, मला आधी तिची भीती दिसलीच नाही. आधी दिसलं ते हे, की ही रडायला दुसरीकडे जाते. नवऱ्याने दुसरी बाई ठेवलेली कळली असती तरी याहून जास्त लागलं नसतं.

मग भीती दिसली. तिचे हात काठावरून सुटत नव्हते. आणि त्याच्या पाठोपाठ होवाल्याचा हसरा आवाज आठवला. वर येऊच देत नाही. घट्ट धरून खालीच ठेवतो.

टॉवेल घ्यायला वन्सं आधी बाहेर आली आणि तिने मला बघितलं. "अगं बाई, ताई! तुम्ही कधी आलात?"

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

तिने मागे वळून बघितलं. धाकटी अजून पाण्यातच होती. "तिला नाका-तोंडावर काही आलं की गुदमरतं," ती हळू आवाजात म्हणाली. "पण जायचं म्हणजे जायचंच म्हणते. म्हणून मी त्या बाईंचं नाव काढलं होतं. त्या आधी तलावात बसवतात, आणि कोणी घाबरलं की लगेच वर आणतात. मी त्यांना हिचं सांगूनही ठेवलं होतं."

"मग मी तक्ता टाकला तेव्हा तोंडात मिठाची गुळणी का धरलीत?"

"तिने शपथ घातली हो. ताईला कळता कामा नये म्हणाली." वन्सं टॉवेलची घडी उगीचच उलगडत होती. "आणि म्हटलं, तुम्ही निवडलंय म्हणजे घाबरणाऱ्यांचं काय करतात ते विचारलं असेलच."

"विचारलंय," मी म्हटलं. आणि ते खोटंही नव्हतं.

"मग झालं," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलं. तिच्या चेहऱ्यावर मला लबाडी शोधूनही सापडली नाही. सापडली असती तर किती सोपं झालं असतं!

"झालं बिलं काही नाही," मी म्हटलं. "तो माणूस बाद. आणि मी इथे आले होते हे तिला सांगू नका."

बाहेर सायकली लावायच्या जागेशेजारी एक कट्टा होता. तिथे बसून मी प्रश्नवाल्या बाईला फोन लावला. तिने मला आवाजावरून ओळखलं. "कानवाल्या ना? काय म्हणाले डॉक्टर?"

एक क्षणभर मनात आलं, म्हणावं की हो म्हणाले. कोण येतंय बघायला? पण तिने "परत विचार करीन" म्हटलेलं होतं, आणि ही बाई खरंच परत विचार करणाऱ्यांतली होती. "नाही म्हणाले," मी म्हटलं. "दोघी पाण्यात, एक बोटीवर. त्यातली एक माझी बहीण आहे, ती मास्क लावला की घाबरते."

"बरं झालं सांगितलंत. मग तिला आम्ही एकटीला घेऊ, अगदी सावकाश. पण बाजूला तिचं एक माणूस ठेवतो, म्हणजे मान वळवली की ओळखीचा चेहरा दिसतो. ज्याच्याकडे बघून तिला धीर येईल असं माणूस. कोण येईल?"

मी, असं म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. चाळीस वर्षांची सवय. घसा साफ करायच्या निमित्ताने मी ते मिटलं.

"तिची नणंद," मी म्हटलं.

बाई हसायला लागली. "नणंद? बघा हं. आमच्याकडे नणंदेला पाण्यात ढकलायला आलेल्याच जास्त असतात. नक्की ना?"

"नक्की," मी म्हटलं, आणि माझ्या तोंडून वन्संचं वय, वजन, बुटांचं माप असं सगळं घडाघडा बाहेर पडलं. जिचा राग करायचा तिची एवढी माहिती मी कधी गोळा केली होती, देव जाणे.

ग्रुपवर मी दोनच ओळी टाकल्या. विचार बदलला, वन्संनी सुचवलेलंच घेतलंय. कानामुळे मी बोटीवर बसेन.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. मागे नळ चालू होता, भांडी वाजत होती. "ताई, तू खरंच पाण्यात येणार नाहीस?"

"डॉक्टर नाही म्हणाले."

"अरेरे," ती म्हणाली.

ते अरेरे खरं होतं, मी तिच्यावर खोटा आळ घेणार नाही. पण त्याच्या आधी तिने एक श्वास सोडला होता. माल तयार नसलेल्या पुरवठादाराला मुदत वाढवून दिली की तो असाच श्वास सोडतो. माझी अर्धी नोकरी ते ऐकण्यात गेलीय.

"सुटलीस ना?" मी विचारलं.

"काहीतरीच काय गं!"

"सुटलीस की नाही, एवढंच सांग."

नळ बंद झाला. मला वाटलं फोन कट झाला.

"हो," ती म्हणाली. "तू जवळ असलीस ना ताई, की मला घाबरता येत नाही. तू इतक्या विश्वासाने बघत असतेस माझ्याकडे. मग मी आपली दात-ओठ आवळून धीट होते. वन्संसमोर तसं नाही गं. तिच्यासमोर मी खुशाल घाबरते."

मला पुष्कळ काही म्हणायचं होतं. की तुझ्या घाबरण्यावर पहिला हक्क माझा आहे. की ती बाई तुझी कोण लागते, आणि मी कोण लागते. की मी काय तुला नको म्हटलं होतं का घाबरायला. त्यातलं शेवटचं खरं नव्हतं.

"बरं," मी म्हटलं. "मग घाबर तिच्यासमोर पोटभर."

"रागावलीस?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय, आणि मी तिला तसं वाटू दिलं.